एतेलविनाचा गळा

रुपेर्तो चिलुइसा बटाट्याच्या ट्रकवरून पडून गेला, आणि वर्ष उलटायच्या आत डोंगरावरच्या युराक्पांबातल्या बायकांनी एकमतानं ठरवून टाकलं की त्याच्या बायकोनं, एतेलविनानं, हाय खाल्ली आहे. आमच्या गावात बायकांचं एकमत सहजी होत नाही. देवळाला निळा रंग द्यायचा की पांढरा यावरून दोन घरं अजून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण एतेलविनाबद्दल कुणाला शंका नव्हती. तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी पटायचं. चेहरा सुजल्यासारखा, डोळ्यांखाली पिशव्या, विंचरायला बसली की फणी केसांनी भरून यायची, आणि भर दुपारच्या उन्हातही बाई लोकरीच्या दोन शाली गुंडाळून चुलीला चिकटलेली. काही विचारलं तर तिचं उत्तर येईपर्यंत विचारणारीच्या शेंगा सोलून व्हायच्या.

आणि तिचा आवाज गेला. गावाला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

एतेलविना देवळात गाणं उचलायची. पाद्री आमच्याकडे महिन्यातून एकदा येतो, तेही रस्ता धड असला तर. बाकीचे दिवस देवाशी जे काही बोलायचं ते गाव एतेलविनाच्या तोंडून बोलायचं. बारसं असो, लग्न असो, मयत असो, आधी तिला निरोप जायचा. तिनं पहिली ओळ घेतली की वरच्या माळावर मेंढ्यांमागची पोरं टोप्या काढायची, असं सांगतात. यातलं निम्मं सोडून द्या, तरी उरतं ते पुष्कळ आहे. नवऱ्याच्या मयतालाही तीच गायली आणि शेवटच्या ओळीपर्यंत तिचा आवाज कापला नाही. पुढे काही महिन्यांनी तो जाड होत गेला, खाली उतरत गेला, आणि एका रविवारी पहिली ओळ घ्यायला म्हणून तिनं तोंड उघडलं तेव्हा पोत्यात तोंड घालून बोलावं तसा काहीतरी घोगरा आवाज बाहेर आला. ती खाली बसली. गाणं उचलायचं काम तिच्या नणंदेकडे, बालबिनाकडे गेलं. बालबिनाला सूर नाही, पण हौस दांडगी.

यादिरा ही एतेलविनाची एकुलती एक मुलगी. ती खाली खोऱ्यात गुलाबाच्या मळ्यात कामाला होती. प्लास्टिकच्या छपराखाली दिवसभर गुलाब कापायचे, काटे काढायचे, जुड्या बांधायच्या, आणि मग ते विमानात बसून कुठल्या कुठे जायचे. ती मात्र रविवारी दुधाच्या गाडीत बसून घरी यायची. आईनं हाय खाल्ली हे तिलाही आधी पटलं होतं. बापासाठी ती स्वतःही रडतच होती. पण तिचं रडणं हळूहळू ओसरलं, आणि आईचं काही वेगळंच चाललंय हे तिच्या लक्षात आलं. आई रडत नव्हतीच मुळी. दुःखातलं माणूस रडतं, चिडतं, देवाला चार शब्द सुनावतं. आई यातलं काहीच करत नव्हती. ती नुसती मंद होत चालली होती.

एकदा तिनं बालबिना आत्याला विचारलं, की आईला हा काहीतरी आजार असेल का. आत्यानं तिला बाजूला घेतलं. म्हणाली, "पोरी, माझ्या भावासाठी झुरतेय ती. त्याला आजार म्हणू नकोस. असा नवरा सगळ्यांच्या नशिबी नसतो." आत्याचा स्वतःचा नवरा धडधाकट होता आणि त्या वेळी गुत्त्यात बसला होता, त्यामुळे या बोलण्यात थोडा हेवाही असावा.

आता दवाखाना गावात आहे, नाही असं नाही. सरकारनं बांधलेला, निळ्या पत्र्याचा. पण आमचा डॉक्टर वर्षाचा असतो. शहरात शिकून बाहेर पडलेल्या पोरांना एक वर्ष खेड्यात काढावं लागतं, त्याशिवाय सरकार त्यांना डॉक्टरकी करू देत नाही. त्यामुळे दरवर्षी एक नवा येतो, थंडीनं काकडतो, कुत्र्यांना घाबरतो, आणि आमची नावं त्याला पाठ व्हायला लागली की त्याची जायची वेळ येते. आम्ही त्याला बटाट्याचं पोतं आणि खाण्यासाठी घरी पाळलेले दोन गलेलठ्ठ गिनीपिग देऊन निरोप देतो. पुढच्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.

पहिला समुद्राकाठचा होता. एतेलविना त्याला म्हणाली, मला फार थंडी वाजते. तो म्हणाला, मलाही. टेबलाखाली त्यानं पायांना घोंगडी गुंडाळली होती. त्यानं ताकदीच्या गोळ्या दिल्या. दुसरा म्हणाला, हे वयाचं आहे, पाळी जाताना बायकांना असं व्हायचंच, आणि वजन वाढतंय तर बटाटे कमी खा. युराक्पांबात बटाटे सोडले तर खायला उरतं काय? तरी तिनं प्रयत्न केला. भाजलेल्या जवाचं पीठ पाण्यात कालवून पिऊन राहिली आणि तरीही फुगतच गेली. तिसरा त्यातल्या त्यात बरा. त्यानं खुर्ची पुढे ओढली, रुपेर्तोबद्दल विचारलं, मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं, त्याचेही डोळे भरून आले, आणि मग त्यानं उदासपणावरच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या घेऊन एतेलविना बसल्या जागी झोपायला लागली. एकदा चुलीवरचं भांडं करपून घर धुरानं भरलं, शेजारीण दार ठोठावत आली, तरी हिला पत्ता नाही.

तिघांतला कुणीच मनानं वाईट नव्हता. गावानं जे सांगितलं तेच त्यांनी ऐकलं. एतेलविनाबरोबर दवाखान्यात बालबिना जायची, आणि खुर्चीला पाठ टेकायच्या आधी डॉक्टरला सांगून मोकळी व्हायची, की विधवा आहे हो, हाय खाल्लीय बिचारीनं. एवढं ऐकल्यावर पुढे तपासायचं काय?

यादिरानं एकदा कामावरून सुट्टी काढून आईला खाली लाटाकुंगा शहरातल्या मोठ्या दवाखान्यातही नेलं. तिथल्या खिडकीवरच्या बाईनं सांगितलं की आधी गावच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा. गावच्या डॉक्टरनं सांगितलं की दुःखासाठी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देत नाहीत. दोघी आल्या पावली परत. त्या दिवशी बसमध्ये आईनं लेकीचा हात धरून विचारलं, की तू माझ्यासाठी एवढी धावपळ करतेस, मला नक्की झालंय तरी काय? यादिरानं आईची शाल नीट गुंडाळली. तिला एकच हवं होतं, की आईकडे नीट बघणारा एक डॉक्टर मिळावा.

तो चौथ्या वर्षी मिळाला, म्हणजे मिळाली. डॉक्टर इलियाना दक्षिणेकडची, ठेंगणी, बोलायला फटकळ. बालबिनानं नेहमीचं पालुपद सुरू केलं तेव्हा तिनं हात वर करून थांबवलं आणि आपण जरा बाहेर बसा म्हणून सांगितलं. बालबिना हा अपमान अजून विसरलेली नाही. आत यादिरा आणि एतेलविना दोघीच राहिल्या.

"आवाज असा कधीपासून आहे?" डॉक्टरनं विचारलं.

"नवरा गेल्यापासून," एतेलविना म्हणाली.

"मी नवऱ्याचं नाही विचारलं, बाई. आवाजाचं विचारलं."

एतेलविनानं हळूहळू बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, तो गेल्यावर सात-आठ महिन्यांनी. डॉक्टर उठून तिच्या मागे उभी राहिली, दोन्ही हातांची बोटं तिच्या गळ्यावर ठेवली आणि पाण्याचा घोट गिळायला सांगितलं. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरनं त्या गळ्याला हात लावला नव्हता. डॉक्टर म्हणाली, "गलगंड आहे. मोठा नाही, पण आहे. रक्त तपासायला पाठवते." रक्त खाली लाटाकुंगाला गेलं, उत्तर आलं, आणि आजाराला पहिल्यांदा नाव मिळालं. गळ्यातली एक ग्रंथी काम करेनाशी झाली होती, थायरॉइड म्हणतात ती. ती थंडावली म्हणजे सगळं अंगच थंडावतं, असं इलियानानं समजावून सांगितलं. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी, त्यावर नुसतं पाणी, आणि खाणंपिणं नंतर. आणि ही गोळी कायमची, थांबवायची नाही.

यादिरा बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. आनंदानंच रडली, पण त्यात संतापही होता. एवढीशी गोळी.

गोळीनं काही जादू केली नाही. दोन महिने काही कळलंसुद्धा नाही. मग एका रविवारी यादिरा घरी आली तेव्हा आई अंगणात होती, अंगावर एकच शाल, आणि कोंबड्यांना शिव्या देत होती. शिव्या भराभर येत होत्या. यादिरा फाटकाशी उभी राहून त्या ऐकत राहिली. पुढे केस टिकायला लागले, चेहरा उतरला, आणि देवमातेच्या सणाला एतेलविनानं पुन्हा गाणं उचललं. पूर्वीसारखं नाही, वरच्या पट्टीत जरा चिरा होत्या, पण उचललं. बालबिनानं तोंड भरून कौतुक केलं आणि नंतर आठवडाभर तिचं डोकं दुखत होतं.

एक गोष्ट मात्र एतेलविनाच्या मनाला लागून राहिली. बटाटे निवडता निवडता ती लेकीला म्हणाली, "मग तुझ्या बापासाठी मी झुरले, त्यातलं खरं किती गं? ती सगळी त्या गळ्याचीच करणी होती का?" यादिरा म्हणाली, असं कसं, तुला दुःख नव्हतं का झालं? एतेलविना म्हणाली, "झालं असेल. मला कळलंच नाही." आणि ती रडायला लागली. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती आणि ती त्याच्यासाठी पहिल्यांदाच धड रडत होती. यादिरानं तिला रडू दिलं.

डॉक्टर इलियानाचं वर्ष संपलं. जाण्यापूर्वी तिनं लाटाकुंगाच्या थायरॉइडच्या मोठ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. त्यांची तारीख मिळायला पावसाळा संपला, आणि नेमक्या त्या दिवशी महागाईविरुद्ध सगळे रस्ते टायर जाळून अडवलेले. अडवणाऱ्यांत आमच्याच गावची माणसं होती, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नव्हती. पुढची तारीख मिळाली ती बटाटे निघाल्यावरची.

तोवर पाचवा डॉक्टर येऊन बसला होता. फाबियान त्याचं नाव, हुशार म्हणायचे, नीटनेटका राहायचा. त्यानं एतेलविनाचं रक्त तपासून घेतलं आणि आकड्यांवर पेन आपटत म्हणाला, "अगदी नॉर्मल. मग गोळी कशासाठी खाताय? उगाच हृदयावर ताण. बंद करा."

यादिरा म्हणाली, "त्या डॉक्टरीणबाई कायमची म्हणाल्या होत्या."

"त्यांना तेव्हा तसं वाटलं असेल. आता तुमची आई बरी झालीय. आनंद माना."

आकडे नॉर्मल होते ते गोळीमुळे, हे आता आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल असं मला म्हणायला आवडलं असतं, पण ते खरं नाही. आमच्याकडे अजूनही कुणाला ते ठाऊक नाही. छपराखाली बसलेल्याचं अंग कोरडं आहे, म्हणून छप्पर काढून टाकावं, तसं त्या हुशार पोरानं केलं. आणि मायलेकींनी ते ऐकलं. ऐकणार नाहीत तर काय? चार-पाच वर्षं ज्या एका शब्दासाठी दारोदार हिंडल्या, तो ‘बरी’ हा शब्द एका डॉक्टरनं स्वतःच्या तोंडानं उच्चारला होता. लाटाकुंगाची तारीख आली तेव्हा त्या गेल्याच नाहीत. बऱ्या माणसानं मोठ्या डॉक्टरांचा वेळ कशाला खायचा, असं एतेलविनाचं म्हणणं पडलं.

पुढे जे झालं ते आमच्याकडेच होऊ शकतं. आजारातून उठलेल्या माणसानं देवमातेचे आभार मानायचे असतात, आणि ते चारचौघांत, गाजावाजा करून. बरा झालेला अवयव पत्र्याचा करून मूर्तीच्या लाल मखमलीवर टोचायचा असतो. देवळाबाहेरच्या दुकानात पाय मिळतात, हात मिळतात, डोळे मिळतात, काळीज मिळतं, गळा मिळेना. तेव्हा खालच्या गावच्या पत्रेवाल्याकडून करून आणला. तो थोडा बाटलीसारखा दिसत होता. पाद्रीला बोलावून मिस्सा, म्हणजे देवळातली मोठी प्रार्थना, झाली, बँड आला, सगळ्या गावाला गिनीपिग आणि बटाट्यांचं जेवण झालं. एतेलविना स्वतः गायली. मग ती मूर्तीपुढे गेली, पत्र्याचा गळा टोचला, आणि उरलेल्या गोळ्यांचा डबाही देवमातेच्या पायाशी ठेवला. म्हणाली, "माते, तू बरं केलंस. आता हे तुझं." बायकांनी डोळे पुसले. यादिरानंही पुसले.

एकदा असं देऊन टाकलं की ते परत घेता येत नाही. तोच आजार पुन्हा झाला असं म्हणणं म्हणजे देवमातेनं दिलेलं काढून घेतलं असं म्हणणं, आणि आमच्याकडे ते कुणी म्हणत नाही. म्हणजे आजार होतो, पण म्हणत नाहीत.

नाताळानंतर एतेलविनाला पुन्हा थंडी वाजायला लागली. तिनं ती अंगावर काढली. गळ्याभोवती जाड लोकरीचा रुमाल गुंडाळला आणि दिवसरात्र उतरवला नाही. देवळात ती मागच्या बाकावर बसायला लागली, म्हणायची, आता नव्या पोरींनी गावं. यादिराला यातलं काहीच कळलं नाही, कारण जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबाच्या मळ्यात रविवार नसतोच. जगातले सगळे प्रेमी एकाच दिवशी गुलाब मागतात, आणि त्याआधी सहा आठवडे आमच्या पोरींना श्वास घ्यायची फुरसत नसते. फोनवर आईचा आवाज जड येत होता. सर्दी झालीय, आई सांगायची. पुढच्या वेळी पुन्हा सर्दीच.

मार्चमध्ये यादिरा घरी आली आणि दारातच थबकली. आई चुलीशी बसली होती, आणि तिनं वळून बघायलाच किती वेळ लावला.

"आई, तुला परत तेच झालंय."

"नाही गं. वय झालं."

"उद्या दवाखान्यात जाऊ."

एतेलविना हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं बोलली. "जाऊन काय सांगू? सगळ्या गावाला जेवू घातलं मी. तिच्या पायाशी माथा टेकून बरी झाले म्हणाले. आता तिला खोटं पाडू?"

"तिला नको पाडूस. त्या डॉक्टरला पाड."

यावर आई हसली. पण दवाखान्याला नाहीच म्हणाली. यादिरा एकटीच गेली तर फाबियान प्रशिक्षणासाठी राजधानीला गेलेला, आणि नर्सनं सांगितलं की पेशंटला बघितल्याशिवाय औषध देता येत नाही. ती देवळात गेली, तर मूर्तीच्या पायाशी ठेवलेल्या वस्तू दर महिन्याला गोळा करून पुरतात म्हणे, पवित्र जागेत. डबा गेला होता. ती लाटाकुंगाच्या औषधाच्या दुकानात गेली. दुकानदारानं गोळी किती ताकदीची ते विचारलं. यादिराला गोळीचा रंग आठवत होता, ताकद आठवत नव्हती. दुकानदार म्हणाला की अंदाजानं दिली आणि हृदयावर बेतलं तर मी अडकेन. आणि तोही चूक नव्हता. इलियानाचा फोन लागत नव्हता, तो नंबर आता दुसऱ्याच कुणाचा होता.

शेवटी एतेलविनाला छातीत कफ भरून ताप आला. म्हणजे ताप यायला हवा होता. अंग उलट गारच होतं. यादिरानं शेजाऱ्यांच्या मदतीनं तिला गाडीत घालून लाटाकुंगाला नेलं. तिथला तरुण डॉक्टर दमलेला होता, बाहेर बाकांवर माणसं ताटकळत होती. त्यानं पाठीला नळी लावली आणि जुना काही आजार आहे का विचारलं. यादिरा उत्तर देणार तेवढ्यात एतेलविनाच बोलली.

"थायरॉइड होता. देवमातेनं बरा केला."

"होता ना? आता नाही ना?"

यादिरा मधे पडली. म्हणाली, गोळी चालू होती, डॉक्टरनं बंद केली, आता आजार परत आलाय, रक्त तपासा. डॉक्टर म्हणाला, तपासायचं यंत्र सोमवारपर्यंत बंद आहे, सोमवारी या. गळ्याचा रुमाल काढायला त्यानं सांगितलं होतं, पण एतेलविना थंडी वाजते म्हणाली, आणि त्यानं आग्रह धरला नाही. खोकल्याचं औषध आणि झोप लागायची गोळी देऊन त्यानं घरी पाठवलं.

ती झोपेची गोळी घेऊन एतेलविना झोपली. सकाळी यादिरा कांजी घेऊन तिला उठवायला गेली तर आई उठेना. श्वास चालू होता, फार हळू. हात दगडासारखे गार. गाडी शोधेपर्यंत श्वासही थांबला.

आईला अंघोळ मीच घालीन, म्हणून यादिरानं दार लावून घेतलं. लोकरीचा रुमाल सोडला आणि तिला तो गळा दिसला. चांगला मुठीएवढा सुजलेला, दोन्ही बाजूंनी. इतके महिने आईनं तो सगळ्यांपासून, पोटच्या लेकीपासूनसुद्धा झाकून ठेवला होता. यादिरानं त्यावरून ओलं फडकं हळू फिरवलं, कोरडा केला, आणि आईला आवडलं असतं म्हणून रुमाल पुन्हा बांधून टाकला. मग दार उघडलं.

बायका आल्या. मेणबत्त्या लागल्या, जपमाळ सुरू झाली. बालबिनानं गाणं उचललं आणि ते नेहमीसारखं दुसऱ्याच ओळीला घसरलं. गाण्यांच्या मधे बायका बोलत होत्या. बघा, देवमातेनं गळा बरा केला, पण दुःखाला काही औषध नाही. शेवटी नवऱ्याच्या मागेच गेली. बालबिना डोळे पुसत म्हणाली, "माझ्या भावासाठी झुरून झुरून गेली. अशी बायको आता बघायला मिळायची नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. त्या खोलीत दोघी-तिघी अशा होत्या की ज्यांनी भर दुपारी दोन शाली गुंडाळल्या होत्या. एकीचा आवाज घोगरा होता.

यादिरा उठली. सगळ्यांच्या देखत तिनं आईच्या गळ्यावरचा रुमाल सोडला.

"बघा. आत्या, हात लावून बघा. ही हाय नाही. रोज एक गोळी घेतली असती तर आई आज देवळात गात असती. नवरा गेला म्हणून कुणी असं मरत नाही. तुम्ही सगळ्यांनी आपापला गळा तपासून घ्या."

 बालबिना उठून आली. तिनं रुमाल घेतला, वहिनीच्या गळ्याभोवती मायेनं, नीट गुंडाळला आणि टोकं आत खोचली. ती रागावली नव्हती. यादिराला पोटाशी धरून ती म्हणाली, "देवमातेनं बरा केलेला गळा आहे तो, पोरी. असं बोलू नये." मग तिच्या डोक्यावरून बाकीच्या बायकांकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "हिनंही हाय खाल्ली."

बायका लगेच उठल्या, कारण आता काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी औषधी पाल्याचं पाणी उकळायला ठेवलं. कुणी कोंबडीखालून ताजं अंडं आणलं. अंगात बसलेलं दुःख आमच्याकडे अंड्यानं उतरवतात. बालबिनानं ते यादिराच्या कपाळावरून, मानेवरून, खांद्यांवरून फिरवलं, तोंडानं प्रार्थना पुटपुटली, आणि वाटीतल्या पाण्यात फोडलं. सगळ्या वाकून बघायला लागल्या. पांढऱ्या भागात धागे धागे वर आले होते.

"केवढं हे दुःख," घोगऱ्या आवाजाची बाई म्हणाली.

यादिरानं पाल्याचं पाणी दोन्ही हातांत धरलं. ती थंडीनं कुडकुडत होती. गेले काही महिने तिला अशी थंडी वाजतच होती, मळ्यातल्या प्लास्टिकच्या छपराखालीसुद्धा. या बायकांना ते सांगण्यात अर्थ नव्हता, आणि कुणाला सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं.